एजंट कोणाचा?

इंग्लंडमध्ये भाड्याने राहणाऱ्या मराठी माणसांच्या गप्पांत २०२५ च्या नव्या भाडेकरू कायद्याचा विषय निघाला की मी लक्ष देऊन ऐकते. कारण न देता घर खाली करायला लावणारं ‘कलम २१’ १ मे २०२६ पासून रद्द, एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागायला मनाई, जाहिरातीतल्या भाड्यावर बोली लावून घ्यायला मनाई. पण बोलणं थोड्याच वेळात दोन ठरलेल्या टोकांना जातं. एक बाजू म्हणते, मालकांच्या वतीने घरं भाड्याने देणारे एजन्सीवाले लुटारू आहेत, त्यांच्या वाटेला जाऊच नका, ओळखीतून खोली बघा. दुसरी म्हणते, कायद्यांनी मालकांचा गळा आवळला, आता घरं मिळायची नाहीत आणि मिळाली तर परवडायची नाहीत. दोघांनाही एजंट दिसतो तो एक माणूस म्हणून: उद्धट की सभ्य, फोन उचलणारा की न उचलणारा. मला वाटतं, हा प्रश्न स्वभावाचा नाहीच. एजंट कितीही भला असला तरी तो आपला नसतो. तो मालकाने नेमलेला असतो, मालकाकडून पैसे घेतो, मालकाच्या हिताला कायद्याने बांधलेला असतो. आणि तरीही आपल्या घराची किल्ली, आपल्या पगाराच्या पावत्या, आपला व्हिसा आणि ऐन थंडीतला आपला बॉयलर त्याच्या हातात असतो. ज्याच्या हातात एवढं आहे त्याच्यावर भाडेकरूच्या बाबतीत स्वतःची, वेगळी कायदेशीर जबाबदारी हवी; आणि ती वारंवार मोडली तर दुकान बंद करता येईल असा परवाना हवा. इंग्लंडमध्ये हा परवाना आजही नाही.

मधल्या माणसाचा हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. कोकणातला खोत आठवा. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये तो उभा. सारा सरकारला जायचा, पण कुळाला सरकार कधी दिसायचं नाही. दिसायचा तो खोत. किती घ्यायचं, कोणाची सूट मान्य करायची, कोणाला जमिनीवरून उठवायचं हे त्याच्या मर्जीवर. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन कसायचं नाकारलं ते खोतांच्या विरोधात. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात जे विधेयक मांडलं, त्यात ‘खोतांनी जरा माणुसकीने वागावं’ अशी विनवणी नव्हती. खोती ही पद्धतच बंद करा, अशी मागणी होती. लंडनच्या एखाद्या हमरस्त्यावरचा काचेचा दरवाजा असलेला एजंट म्हणजे खोत नव्हे, हे मला कळतं. त्याचा हक्क वंशपरंपरेचा नाही, त्याच्या शेजारी आणखी चार एजन्सी असतात. पण दोघांची जागा एकच आहे: दोन पक्षांच्या मध्ये, आणि दोघांनाही एकमेकांकडे बघता येणार नाही अशा बेताने.

आयर्लंडचं उदाहरण तर आपण रोज तोंडी वापरतो, त्याचा उगम माहीत नसताना. मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या जमिनी होत्या आणि तिथलं भाडं वसूल करायला त्याचा एजंट होता कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० साली कुळांनी भाड्यात सूट मागितली, बॉयकॉटने नोटिसा काढल्या, आणि सगळ्या परिसराने त्याच्याशी व्यवहार तोडला. गडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात, शेवटी पीक काढायला बाहेरून मजूर आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य आणावं लागलं. तेव्हापासून ‘बॉयकॉट’ हा शब्द जगभर झाला. लोकांनी वाळीत टाकला तो एजंट. जमीनदार दूर आपल्या वाड्यात सुरक्षित राहिला. त्या जमिनदाराचं नाव आज कितीजणांना ठाऊक आहे?

ग्लासगोत १९१५ मध्ये तेच झालं. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी कामगारांची गर्दी झाली, घरं अपुरी पडली आणि मालकांच्या वतीने घरं सांभाळणाऱ्या ‘फॅक्टर’ मंडळींनी भाडी वाढवली. नवरे युद्धावर किंवा कारखान्यात, त्यामुळे लढायला उरल्या बायका. गव्हन भागात मेरी बार्बर यांनी त्यांना संघटित केलं. जप्तीला माणसं आली की गल्लीत इशारा व्हायचा, बायका धावत यायच्या आणि येणाऱ्यांवर पिठाचा मारा करायच्या. १७ नोव्हेंबर १९१५ ला अठरा भाडेकरूंवरचे खटले चालायचे होते. हजारो लोक कोर्टावर चालून गेले आणि त्याच वर्षाअखेर संसदेने भाडी युद्धाआधीच्या पातळीवर गोठवली. मोठा विजय होता तो. पण त्या विजयात एक गोष्ट निसटली. भाडं गोठलं, फॅक्टरची खुर्ची मात्र तशीच राहिली. भांडण पैशाचं म्हणून मांडलं, उत्तर पैशाचं मिळालं. आजही आपण तीच चूक करतो आहोत असं मला वाटतं.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका सकाळी आमच्या बॉयलरवरचा दिवा लाल झाला आणि प्रेशरचा काटा शून्याला टेकला. घरात दोन वर्षांचं मूल. मी एजन्सीला त्याच तासात मेल केली. उत्तर आलं: मालकाच्या मंजुरीची वाट पाहत आहोत. दुसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. चार किटल्या पाणी तापवलं की मुलाची एक आंघोळ व्हायची; बादलीवर ताट झाकून ती न्हाणीपर्यंत नेताना वाफ निघून जायची. सातव्या दिवशी एका मैत्रिणीने सांगितलं की १९८५ च्या कायद्यानुसार भाडेकरूने लेखी मागितलं तर एजंटने मालकाचं नाव-पत्ता २१ दिवसांत द्यावाच लागतो. तेवढे दिवस थांबायला जीव नव्हता, म्हणून भूमिअभिलेखातून थोडे पौंड भरून घराचा उतारा काढला आणि त्यावरच्या पत्त्यावर मालकिणीला पत्र टाकलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. निवृत्त बाई, तिच्याकडे हे एकच घर. तिचा आवाज थरथरत होता. ‘मी तर दुसऱ्याच दिवशी हो म्हटलं होतं,’ ती म्हणाली. एजन्सी थांबली होती ती आपल्या ठरलेल्या कंत्राटदाराला वेळ मिळण्यासाठी. अकराव्या दिवशी बॉयलर सुरू झाला.

पुढे मी तक्रार केली. आधी एजन्सीची अंतर्गत पद्धत, त्याला आठ आठवडे, मग तक्रार निवारण योजना. शेवटी माफीचं पत्र आणि थोडी भरपाई मिळाली. पण त्या एजन्सीचं नाव कुठल्या नोंदवहीत लागलं नाही, कारण तशी नोंदवहीच नाही. पुढच्या भाडेकरूला यातलं काही कळणार नाही. त्या मालकिणीलाही कळलं नसतं. ती दर महिन्याला भाड्यातला ठरावीक हिस्सा एजन्सीला देत होती तो घराची आणि घरातल्या माणसांची काळजी घ्यायला, आणि तिच्या नावावर आम्ही अकरा दिवस शिव्या घालत होतो. गरम पाणी आणि घर ऊबदार ठेवणारी यंत्रणा दुरुस्त ठेवणं ही त्याच १९८५ च्या कायद्यात मालकाची जबाबदारी आहे. म्हणजे कोर्टात उभी राहिली असती तर ती बाई. एजंट नव्हे.

आता विरोधी बाजूचं ऐकू, कारण तिच्यात दम आहे. सगळ्यात वजनदार मुद्दा हा की एजंट नसेल तर काय? इंग्लंडमधल्या मालकांच्या २०२१ च्या सरकारी पाहणीत ४३ टक्के मालकांकडे भाड्याचं एकच घर होतं. माझ्या मालकिणीसारखी ही माणसं. त्यांना गॅसचं वार्षिक प्रमाणपत्र, वीजतपासणी, डिपॉझिट ३० दिवसांत नोंदवणं, भाडेकरूच्या व्हिसाची पडताळणी हे सगळं बिनचूक जमेलच असं नाही. एजन्सी असली की निदान कागद जागेवर असतात. हे मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच ‘एजन्सी नको, ओळखीतून घ्या’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. ओळखीतली खोली म्हणजे बहुतेकदा करारनामा नाही, डिपॉझिटची पावती नाही, आणि भांडण झालं तर ‘आपल्याच माणसाशी’ कोर्टकचेरी कशी करायची हा संकोच. १९५० च्या दशकात लंडनच्या नॉटिंग हिल भागात पीटर रॅकमन या घरमालकाने नव्याने आलेल्यांची अशीच अडचण हेरली. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीयांना बाकीचे मालक दारात उभं करत नव्हते, रॅकमन घर देत होता, आणि त्याची वसुली चढ्या भाड्यातून आणि दांडगाईतून करत होता. त्याच्या नावावरून इंग्रजीत भाडेकरूंच्या छळाला शब्द पडला. नव्याने आलेल्या माणसाची अडचण ओळखणारा प्रत्येकजण त्याचा सोयरा नसतो. तेव्हा एजंट हवाच. पण ‘एजंट हवा’ आणि ‘एजंटवर वचक नको’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. डॉक्टर लागतोच, म्हणून त्याला नोंदणीशिवाय दवाखाना थाटू द्यावा असं कोणी म्हणतं का?

दुसरा मुद्दा फीचा. १ जून २०१९ पासून इंग्लंडमध्ये भाडेकरूकडून फी घ्यायला बंदी आली. त्याआधी कागदपत्रं तपासायची फी, करारनाम्याची फी, घरातल्या वस्तूंच्या यादीची फी, करार पुढे चालू ठेवायची फी अशी रांग लागायची. आता भाडं, ठरावीक मर्यादेतलं डिपॉझिट, घर राखून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं आणि किल्ली हरवण्यासारख्या मोजक्या गोष्टींचा खर्च, एवढंच घेता येतं. विरोधक म्हणतात, मग ती फी भाड्यात शिरली, भाडेकरूच्या पदरात काय पडलं? समजा शिरली. तरी फरक पडतो. भाड्यात असलेली रक्कम जाहिरातीत दिसते, दोन घरांची तुलना करता येते, आणि ती बारा महिन्यांत विभागते; घर बदलण्याच्या त्या आठवड्यात, जेव्हा जुन्या घराचं डिपॉझिट अजून हातात आलेलं नसतं आणि नव्याचं द्यायचं असतं, तेव्हा एकदम गळ्याशी येत नाही. शिवाय फी मालक देणार म्हटल्यावर मालक घासाघीस करतो. तो चार एजन्सींना दर विचारू शकतो. भाडेकरूला ती सोय कधीच नव्हती, कारण घर एजन्सीने ठरतच नाही, घर आवडलं की एजन्सी आपोआप गळ्यात पडते. जर्मनीने २०१५ मध्ये ‘जो नेमेल तो पैसे देईल’ हे तत्त्व घराच्या दलालीला लावलं ते याच कारणाने. बंदी बरोबरच होती. तिच्याकडून एवढंच झालं की एजंट पैशानेही पूर्णपणे मालकाचा झाला. पूर्वी तो दोघांकडून घ्यायचा आणि एकाचाच असायचा. आता निदान ते उघड आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो आपल्या माणसांचा आहे. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाचा इथे पतइतिहास नसतो. वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवा, ही एजन्सींची सर्रास वापरातली फूटपट्टी. ती न जमली तर याच देशात घर असलेला हमीदार आणा. तो कुठून आणायचा? अशा वेळी सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरणं हीच एक वाट असायची. नव्या कायद्याने ती बंद केली आणि विद्यार्थ्यांचे आई-बाप धास्तावले, ‘पैसे असूनही घर मिळणार नाही.’ ही भीती खोटी नाही, आणि ती उडवून लावणाऱ्यांनी एकदा एखाद्या एकवीस वर्षांच्या मुलीबरोबर पाच घरं बघायला जावं. पण त्या आगाऊ भरण्यात नेमकं काय विकत मिळत होतं हेही बघायला हवं. सहा महिन्यांचं भाडं आधीच घेतलेल्या एजंटला तिसऱ्या महिन्यात भिंतीवर काळी बुरशी चढल्याचा फोटो पाठवला तर त्याला घाई कशाची? पैसे त्याच्या खिशात, भाडेकरू परका, करार संपेपर्यंत जाणार कुठे? ज्याला दार उघडायला जास्त मोजावं लागलं, त्याच्याच हातून दार ठोठावण्याचं बळ काढून घेतलं जात होतं. यावर उत्तर आगाऊ भाडं परत आणणं हे नाही. भाडं भरण्याची क्षमता मोजायची रास्त पद्धत एजंटवर बंधनकारक करणं, परदेशातल्या बँकेचे व नोकरीचे कागद ग्राह्य धरणं, आणि नकार दिला तर कारण लेखी देणं, हे उत्तर आहे. हे सगळं परवान्याच्या अटींत बसतं. परवानाच नसेल तर अट कशाला जोडणार?

इथे एजंटांचं नेहमीचं वाक्य येतं: आम्ही फक्त मालकाची इच्छा सांगतो. हे वाक्य जुनं आहे. १९६० च्या दशकापर्यंत ब्रिटनमधल्या भाड्याच्या जाहिरातींत ‘रंगीत लोकांना नाही’ असं उघड छापलं जायचं आणि विचारलं तर मालकाची पसंती म्हणून सांगितलं जायचं. १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्याने घर नाकारण्याला हात लावला नव्हता. १९६८ च्या कायद्याने लावला. तेव्हापासून ‘मालकाने सांगितलं’ ही ढाल वंशाच्या बाबतीत चालत नाही. अलीकडचं उदाहरण २०२० चं. यॉर्कच्या न्यायालयासमोर एका एकट्या आईचा दावा होता. तिला घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळते म्हणून एका एजन्सीने तिचा अर्ज पुढेच नेला नव्हता. असं सरसकट दार बंद करणं समानतेच्या कायद्याविरुद्ध आहे, असं न्यायालयाने ठरवलं. दावा एजन्सीवर होता हे महत्त्वाचं. म्हणजे मालकाच्या डोक्यावरून कायदा एजंटपर्यंत पोचू शकतो, पोचलेला आहे. मग भेदभावाच्या बाबतीत एजंट स्वतः जबाबदार, आणि अकरा दिवस गरम पाणी नसण्याच्या बाबतीत नुसता निरोप्या, हे कोणत्या तर्काने?

सरकारने स्वतःही एजंटला निरोप्या ठेवलेलं नाही. २०१६ पासून इंग्लंडभर भाडेकरूचा देशात राहण्याचा हक्क तपासणं मालकावर आणि ते काम अंगावर घेणाऱ्या एजंटवर बंधनकारक आहे. आपण नऊ अक्षरी शेअर कोड, म्हणजे आपला व्हिसा ऑनलाइन तपासता येईल असा संकेतांक, काढून देतो तो त्यासाठीच. चूक झाली तर दंड जबर, म्हणून घाबरलेला एजंट लाल-निळ्या ब्रिटिश पासपोर्टवाल्याकडे झुकतो. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या योजनेतून भेदभाव होतो असा निकाल दिला. वर्षभराने अपील न्यायालयाने योजना कायदेशीर ठरवली, पण भेदभाव होतो हे नाकारलं नाही. सीमेवरच्या अधिकाऱ्याचं काम ज्याच्यावर सोपवलं, त्याला भाडेकरूबाबत जबाबदारी मात्र पेलणार नाही, असं कसं म्हणता येईल?

उरला तो सगळ्यात मोठा आक्षेप: घरंच कमी आहेत, बाकी सगळं वरवरचं. खरं आहे. कुठल्याही परवान्याने एक वीट जागेवर बसत नाही. आणि ‘कायदा कडक केला की मालक पळतील’ ही भीती प्रत्येक वेळी घातली गेली आहे. एप्रिल २००७ मध्ये डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेतच सुरक्षित ठेवायची सक्ती आली. त्याआधी डिपॉझिट एजंटच्या किंवा मालकाच्या खात्यात पडायचं आणि घर सोडताना ‘गालिचा मळला’ म्हणून गिळलं जायचं. आता वाद झाला तर तो त्रयस्थाकडे जातो, आणि नुकसान झालं हे सिद्ध करायचं ओझं मालकाच्या बाजूवर असतं. मागच्या घरातून निघताना आमच्या नावावर ओव्हनच्या आतल्या काचेवरचा तपकिरी डाग लावला होता. राहायला आलो त्या दिवशी मी त्याच डागाचा फोटो काढून वस्तूंच्या यादीला जोडला होता. आठवड्याभरात पैसे पूर्ण परत आले. कोणाशी भांडावं लागलं नाही, कोणाच्या चांगुलपणावर विसंबावं लागलं नाही. आणि मालक पळाले का? २००७ नंतर इंग्लंडमध्ये खासगी भाड्याच्या घरांत राहणारी कुटुंबं कितीतरी वाढली.

शेजारच्या दोन देशांत तर हे आधीच चाललं आहे. वेल्समध्ये भाड्याची घरं सांभाळणाऱ्या एजंटला परवाना लागतो, त्यासाठी प्रशिक्षण लागतं. स्कॉटलंडमध्ये एजंटांची नोंदवही आहे, २०१८ पासून त्यांना आचारसंहिता लागू आहे, आणि ती मोडली तर भाडेकरू थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. तिथल्या एजन्सी बुडाल्या नाहीत. इंग्लंडमध्ये लॉर्ड बेस्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जुलै २०१९ मध्ये हीच शिफारस केली: स्वतंत्र नियामक, परवाना, किमान पात्रता, आचारसंहिता. २०२५ च्या कायद्यात मालकांसाठी लोकपाल आला, मालकांची नोंदवही आली. एजंटचा परवाना आला नाही. त्या निवृत्त बाईचं नाव सरकारी नोंदवहीत चढेल. ज्याने तिचं ‘हो’ दडवून ठेवलं त्याचं चढणार नाही.

मी माझ्या खासदाराला याबद्दल लिहिलं आहे. परवाना मागितला आहे, आणि त्याच्या अटींत एक साधी अट सुचवली आहे: दुरुस्तीची प्रत्येक तक्रार, ती मालकाला कधी कळवली, मालकाने काय उत्तर दिलं, कंत्राटदाराला कधी बोलावलं, हे सगळं तारखांसकट एका ठिकाणी नोंदलं जावं आणि ते भाडेकरू व मालक दोघांनाही कधीही बघता यावं. पत्राबरोबर त्या अकरा दिवसांतल्या मेल जोडल्या आहेत, आणि मालकिणीने स्वतःहून पाठवलेली तिची दुसऱ्या दिवशीची मेलसुद्धा.